जुना संशोधन प्रकल्प बंद करताना : दहा महिने, पैसे भरायची तीन चलनं

लेखा विभागातल्या काकांनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा वीट ठेवल्यासारखा आवाज झाला. २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्याखाली राहिलेली, एका जुन्या संशोधन प्रकल्पाच्या खर्चाची व्हाउचरं नंतर वाळून एकमेकांना अशी चिकटली होती की कागद कुठला आणि चिखल कुठला ते कळेना. ‘‘एवढंच आहे मॅडम. बाकीचं कृष्णामाईनं नेलं,’’ असं म्हणून काका चहा सांगायला गेले.

मी सांगलीतल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात १३ जून २०२२ ला रुजू झाले. त्याआधी पुण्यात पीएचडी आणि नंतरची चार वर्षं मी एकच विषय केला होता, पेशी कशा मरतात. वडिलांच्या आजारपणामुळे सांगलीला परत यायचं ठरलं. इथे माझ्या कामाची प्रयोगशाळा नव्हती, ही जागा होती. पगार थोडा कमी. ‘‘म्हणजे आता तू कारकुनी करणार?’’ असं एका मावशीनं भर जेवणाच्या पंगतीत विचारलं. मी ‘हो’ म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. खोटं कशाला सांगू, पहिले दोन महिने मलाही तसंच वाटत होतं.

२२ ऑगस्टला मेल आला. आमच्या एका तरुण प्राध्यापिकेचा प्रकल्प केंद्राच्या निधीतून मंजूर झाला होता, पण पहिला हप्ता अडला होता. कारण संस्थेच्या नावावर २०१६ ते २०१९ मधल्या एका जुन्या प्रकल्पाचं अंतिम यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, बाकी होतं. एकाच्या थकबाकीपायी दुसऱ्याचा निधी थांबतो हे मला माहीतच नव्हतं. तुमच्याकडे नवीन प्रकल्प येणार असेल, तर आधी जुन्यांची यादी काढा. आम्ही ती काढली असती तर पैसे उन्हाळ्यातच आले असते. मग १८ जुलै २०२२ ला संशोधन उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत गेली आणि थेट अठरा टक्के झाले, तो फटकाही वाचला असता. त्या प्राध्यापिकेचं बजेट पाच टक्क्यांनी मांडलेलं होतं. ती माझ्यावर चिडली नाही, नुसती गप्प बसली. ते जास्त लागलं.

जुना प्रकल्प हळदीवरचा होता. हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्यामुळे एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी कोणत्या मार्गानं मरतात, असा विषय. योगायोग असा की प्रमुख संशोधक असलेले सर मला बीएस्सीला शिकवायला होते. पेशी ठरवून मरते हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. सर २०२० मध्ये निवृत्त होऊन तासगावजवळ मळ्यात राहायला गेले होते. सहसंशोधक नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात.

गणपती होऊ दिले आणि १८ सप्टेंबरला, रविवारी, एसटीनं तासगावला गेले.

‘‘अगं, मी तर जून २०१९ मध्येच सगळं पाठवलंय,’’ सर म्हणाले. खरंच पाठवलं होतं. मुदत संपल्यावर तीन महिन्यांच्या आत, हिशेब, अहवाल, उपकरणांची यादी, सगळं. त्यावर जुलैमध्ये शंकांचं पत्र आलं होतं, ते कार्यालयाच्या आवक नोंदीपर्यंत पोचलं आणि पुढच्याच महिन्यात पूर आला. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं लेखा कार्यालय तळमजल्यावर आणि व्हाउचरं सगळ्यात खालच्या कप्प्यात. नंतर टाळेबंदी, मग सरांची निवृत्ती. त्यांचा कार्यालयीन मेल बंद झाला, स्मरणपत्रं तिथेच जात राहिली.

परतीच्या एसटीत मला माझाच जुना विषय आठवत होता. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी पेशीच्या ठरवून मरण्यासाठी ‘अ‍ॅपोप्टोसिस’ हा शब्द रूढ केला, मूळ ग्रीक अर्थ पानगळ. अशी मरणारी पेशी आक्रसते, आपला ऐवज पडद्यात बांधून छोटी गाठोडी करते आणि एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असणारा एक मेदरेणू बाहेर काढून दाखवते. शेजाऱ्यांना खूण, की आता मला उचला. उचललं की गाजावाजा नाही, सूज नाही. दुसरा प्रकार म्हणजे पाणी आत शिरून पेशी फुगते, फुटते, सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला जळजळ. लोकांना हे दोन प्रकार ठाऊक असतात. पण काचेच्या बशीत पेशी वाढवणाऱ्याला तिसरी गोष्टही माहीत असते. बशीत उचलणारं कोणी नसतं. तिथे अगदी शिस्तीत मेलेली पेशीसुद्धा काही तासांनी फुटते. सरांचा प्रकल्प शिस्तीतच मेला होता. वेळेवर उचलला कोणी नव्हता. घरी गेल्यावर हे आईला सांगितलं, ती म्हणाली, ‘‘मग आता तू उचल.’’

पहिलं काम, २०१९ चं ते शंकापत्र मिळवणं. आमच्याकडे प्रत नव्हती. निधी देणाऱ्या कार्यालयात फोन केले, सहाव्या फोनला एका अधिकाऱ्यांनी स्कॅन पाठवलं. फोन करताना मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख तोंडपाठ ठेवा. प्रकल्पाच्या नावानं तिथे कोणी काही शोधत नाही. शंका तीन होत्या. यूसी जुन्या १९-ए नमुन्यात होतं, तर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ते १२-ए मध्ये हवं. सनदी लेखापालांच्या सहीखाली यूडीआयएन, म्हणजे त्या सहीचा स्वतंत्र ओळखक्रमांक, नव्हता. हा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक, प्रमाणपत्रांसाठी २०१९ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला होता. तिसरी शंका : ६ एप्रिल २०१९ चं एक बिल खर्चात धरलं होतं आणि प्रकल्पाची मुदत ३१ मार्चला संपली होती. माल मार्चमध्ये आलेला, पण बिलावरची तारीख एप्रिल. रक्कम ७,४३४ रुपये. बिलाची तारीख हीच खर्चाची तारीख धरली गेली, यावर वाद घालून उपयोग नव्हता. शेवटच्या तिमाहीत खरेदी करायचीच असेल तर फेब्रुवारीत उरका.

ते ७,४३४ रुपये संस्थेनं स्वतःच्या निधीतून प्रकल्पाच्या खात्यात भरायचे होते. वित्त समितीची बैठक लागायला आणि इतिवृत्त हातात यायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांतल्या चहाचा खर्चच तेवढा झाला असेल.

आता वीट. माझ्याकडे प्रयोगशाळेतले दोन चिमटे आणि एक सपाट स्पॅच्युला होता. रोज संध्याकाळी पाच ते सहा मी आणि कार्यालयातले मामा ती पानं सोडवत बसायचो. ओलसर टिपकागद वर ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग कडेनं हळूच स्पॅच्युला घालायचा. मामांचा हात माझ्यापेक्षा हलका, त्यांच्या घरी पुरात भिजलेले जमिनीचे कागद त्यांनी असेच सोडवले होते. यंत्रातून निघालेल्या चकचकीत पावत्या तर कोऱ्याच झाल्या होत्या, त्या पुराशिवायही झाल्या असत्या. अशा पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढून मागे चिकटवत चला. एकूण १४३ व्हाउचरांपैकी ११४ वाचता आली. २९ गेली.

त्या २९ साठी पुरवठादारांची यादी केली, अकरा निघाले. बँकेच्या उताऱ्यावरून धनादेशाचा क्रमांक, रक्कम, तारीख काढली आणि प्रत्येकाला बिलाची दुसरी प्रत मागणारं पत्र पाठवलं. २०१६ ची काही बिलं जीएसटीच्या आधीची, व्हॅटच्या जमान्यातली. ‘‘मॅडम, तेव्हाचं सॉफ्टवेअरच बदललं हो,’’ असं चौघांनी सांगितलं. दिवाळी मध्ये आली. पण नऊ जणांनी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रती दिल्या, शिक्का मारून. एका दुकानदारांच्या मुलानं मिरजेत माळ्यावरून बिलबुकच काढून आणलं. मी भडंगाचा पुडा घेऊन गेले होते, तोही त्यानं घेईना.

उरलेले दोन पुरवठादार धंदा बंद करून बसले होते. त्यांच्या चार बिलांसाठी बँकेचा उतारा, साठा नोंदवहीतलं पान आणि सरांचं प्रतिज्ञापत्र असा संच केला. १०० रुपयांचा मुद्रांक, नोटरीचे तीनशे. (ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात हे शंभराचं शुल्क पाचशे रुपये झालं.) असं काही पाठवायचं तर आधी विचारून घ्या की चालेल का. मी मेलवर विचारलं आणि ‘चालेल’ असं लेखी उत्तर आल्यावरच केलं. साठा नोंदवही मात्र दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटात असल्यानं वाचली होती. त्या एका वहीनं आम्हाला तारलं.

डिसेंबरमध्ये मालमत्तेची पडताळणी. कार्यालयात जिला डेडस्टॉक म्हणतात आणि शासकीय मराठीत जडवस्तुसंग्रह नोंदवही, ती घेऊन तीन जणांची समिती फिरली. उलटा, म्हणजे खालून बघणारा, सूक्ष्मदर्शक वरच्या मजल्यावर धडधाकट. सेंट्रिफ्यूज चालू. सीओटू इन्क्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायची पेटी, २०१६ ची किंमत ३,८७,०००, तळमजल्यावर होता. आतल्या तांब्याच्या कप्प्यांवर हिरवी पुटं चढली होती आणि दाराच्या रबरात अजून गाळ होता. ३७ अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, अशाच पेटीपाशी मी पुण्यात रात्री-अपरात्री उभी राहिले आहे. समितीतले दोघं ‘नादुरुस्त, निर्लेखित करावे’, म्हणजे नोंदीतून काढून टाकावे, असं लिहून पुढे गेले. मला तिथे जरा वेळ लागला.

सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू अशी भंगारात टाकता येत नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. निधी देणाऱ्यांची आधी परवानगी लागते. म्हणून बंद इन्क्युबेटरसाठी निर्लेखनाची आणि चालू उपकरणं विभागाकडे ठेवण्याची अशी दोन स्वतंत्र विनंतीपत्रं यूसीसोबतच जोडली. फोटो, अनुक्रमांकाची पाटी, पुराच्या पंचनाम्याची प्रत. पंचनामा नसता तर काय केलं असतं कोण जाणे.

द्रव नायट्रोजनच्या पिंपात पेशींच्या कुप्या होत्या. उणे १९६ अंशाला ठेवलेल्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात, पण पिंपातलं नायट्रोजन सतत उडत असतं आणि ते भरत राहावं लागतं. आमच्याकडे ते गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजन वाहणाऱ्या गाडीतूनच यायचं. पुराच्या दहा दिवसांत गाडी येऊ शकली नाही. पिंप कोरडं पडलं आणि पेशी गेल्या. त्या काही पानगळीसारख्या गेल्या नसणार, वितळताना फाटूनच गेल्या असणार. कुप्या ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक, करून पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात दिल्या, वजनाची पावती फाइलला लावली. कोणी मागितली नव्हती. मी लावली.

प्रकल्प पूर्तीचा अहवाल सरांचा तयार होता, नव्या नमुन्यात बसवायला म्हणून मी त्यांच्या वह्या मागवल्या. मनातून थोडी धाकधूक होती. कर्क्युमिन स्वतःच हिरवट चमकतं, आणि मरणाऱ्या पेशी ओळखायचा जो रंग आपण वापरतो तोही हिरवा. नीट काळजी घेतली नाही तर हळद चमकलेली दिसते आणि माणूस लिहितो की पेशी मेल्या. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं कर्क्युमिनवरच्या कामाचा आढावा घेऊन ते अनेक चाचण्यांना कसं फसवतं ते सविस्तर मांडलं होतं. सरांच्या वहीत प्रत्येक प्रयोगात रंग न घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, होता. प्रत्येक. परिणाम बेताचा निघाला होता आणि त्यांनी तो बेताचाच लिहिला होता. मी त्यातला एकही आकडा बदलला नाही, फक्त रकाने बदलले.

जानेवारी २०२३ मध्ये लेखापरीक्षण. लेखापालांची फी साडेसात हजार आणि वर अठरा टक्के, म्हणजे ८,८५०. प्रकल्पात लेखापरीक्षणाची तरतूद नव्हती, संस्थेनं दिले. मिळालेला निधी ३१,८५,०००, मान्य खर्च ३०,४१,६१८, शिल्लक १,४३,३८२, बँकेचं व्याज ९६,७४५. एकूण परत करायचे २,४०,१२७. व्याजावर आपला हक्क नसतो, तेही केंद्राच्या संचित निधीत जातं. सही कोणी करायची हा प्रश्न उरला. सर निवृत्त. कुलसचिवांनी कार्यालयीन आदेश काढून माझं नाव समन्वयक म्हणून घातलं, सरांचं नाहरकत पत्र जोडलं. ३० जानेवारीला सगळा संच स्पीड पोस्टानं आणि मेलनं गेला.

२० फेब्रुवारीला परत आला.

चूक माझी होती. तीन वर्षांची तीन यूसी असतात, आणि एका वर्षाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक असायला हवी. मी तिन्ही वर्षांचं व्याज एकत्र करून शेवटच्या वर्षात दाखवलं होतं. बेरीज बरोबर, पण साखळी तुटलेली. त्या दिवशी मी घरी जाऊन कोणाशी बोलले नाही. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर निदान पेशींना दोष देता येतो. दुसऱ्या दिवशी काकांनी कोऱ्या कागदावर तीन चौकटी काढल्या, बाण मारले आणि दहा मिनिटांत समजावलं. ‘‘हे आमच्या रोजच्या खतावणीतलं आहे मॅडम, तुम्ही विचारलंच नाही.’’ खरंच विचारलं नव्हतं. लेखापालांनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पण सही नवी म्हणून यूडीआयएन नवा, तो जुना चालत नाही.

आकडे मान्य असल्याचा मेल १७ मार्चला आला आणि २१ तारखेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, केंद्र सरकारच्या भारतकोश संकेतस्थळावरून पैसे भरले. मंत्रालय, वेतन व लेखा कार्यालय, आहरण अधिकारी हे तिन्ही मंजुरीपत्रावरून बघूनच निवडा, यादीत सारख्या नावांची गर्दी आहे. अखर्चित रकमेचं एक चलन आणि व्याजाचं वेगळं केलं, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर फोड करत बसायला नको. आमच्या खात्याला दोन सह्यांची अट. पहिली सही करणारे हजर, दुसरे लग्नाला कोल्हापुरात. त्यांनी मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधून मोबाइलवर मंजुरी दिली. दोन्ही चलनांच्या पावत्या निघाल्या. खात्यात शून्य. मी काकांसाठी पेढे आणले.

३१ मार्चला बँकेनं तिमाहीचं व्याज जमा केलं. १,४२१ रुपये. जानेवारीपासून २१ मार्चपर्यंत पैसे खात्यातच होते, त्याचं व्याज येणारच होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही, काकांच्याही नाही. तुम्ही असं करू नका. आधी बँकेत खातं बंद करण्याचा अर्ज द्या, त्या दिवसापर्यंतचं व्याज हिशेबात घालून घ्या आणि मगच चलन भरा. नाहीतर ते १,४२१ तसेच ठेवले की जूनअखेर त्यांच्यावर आणखी काही रुपये, आणि त्या रुपयांवर सप्टेंबरात आणखी पैसे.

१० एप्रिलला मॅनेजरसमोर बसून खातं बंद करून घेतलं, तिसरं चलन भरलं, एका पानाचं खुलासापत्र लिहिलं. मॅनेजर म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी तुम्ही स्वतः आलात?’’

समायोजनाचं, म्हणजे प्रकल्पाचा हिशेब मिटल्याचं, पत्र १४ जून २०२३ ला मेलवर आलं. चार ओळी. उपकरणं विभागाकडे ठेवायला परवानगी, इन्क्युबेटरच्या निर्लेखनाला मंजुरी. नव्या प्रकल्पाचा हप्ता त्यानंतर सहा आठवड्यांनी जमा झाला. उपकरणाच्या बजेटातली तूट भरायला त्या प्राध्यापिकेनं एक मॉडेल खालचं घेतलं, आणि तळमजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर बसवलं.

मी पत्राची प्रिंट काढून सरांना फोन केला. ते बेदाण्याच्या शेडमध्ये होते, मागे बायकांचे आवाज येत होते.

‘‘संपलं का गं?’’

‘‘संपलं सर.’’

‘‘वह्या परत पाठव,’’ ते म्हणाले. ‘‘घाई नाही. पण एसटीनं नको, तू येशील तेव्हा आण.’’